एक्स्ट्रॅक्टरचं पाचपट मॉडेल : इंदूरमधल्या एका कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

कामाची हद्द आधी लिहून ठेवते. पिस्तुलाचं काडतूस वापरणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीत आणि कार्बाइनमध्ये (आखूड रायफलीत) एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी मागे ओढणारा आकडा, पुंगळीला (काडतुसाच्या धातूच्या कवचाला) कसा धरतो, कुठे सोडतो आणि कसा झिजतो, हे शेवटच्या बाकावरूनही दिसेल असं मॉडेल करायचं आहे. साहित्य लाकूड, ॲक्रिलिक आणि थोडं पोलाद. मापं खऱ्याच्या पाचपट. यात दारू नाही, घोडा नाही, फायरिंग पिन नाही. मागणी शस्त्रांची देखभाल शिकणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यांच्या वर्गासाठी आली आहे.

काडतूस ९ × १९ मि.मी. घेतलं. गेओर्ग लुगरने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आखलेलं हे काडतूस आजही जगभर चालतं. आपल्याकडे स्टर्लिंगच्या धर्तीवर कानपूरला बनलेली ९ मि.मी. कार्बाइन पोलिसांच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. त्यामुळे वर्गातल्या माणसाच्या हाताला हे माप ओळखीचं असेल. सामान्य परवान्यावर हे कॅलिबर मिळत नाही, म्हणून खऱ्या हत्यारातले तपशील मी रामबागेतल्या एका निवृत्त आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या) काकांना विचारून पक्के करणार आहे. इंदूरात असे जाणकार भेटतात. बिजासन भागात सीमा सुरक्षा दलाचं शस्त्रविद्यालय आहे आणि महूची इन्फन्ट्री स्कूलही जवळच.

१२ नोव्हेंबर

मापांचा तक्ता केला. पुंगळीची लांबी १९.१५ मि.मी., मॉडेलमध्ये ९५.७५. रिमचा, पुंगळीच्या बुडाशी असलेल्या कडेचा, व्यास ९.९६, म्हणजे ४९.८. रिमची जाडी १.२७, म्हणजे ६.३५. रिमच्या पुढे जी खाच असते तिचा व्यास सुमारे ८.८, म्हणजे ४४.

या शेवटच्या दोन व्यासांची वजाबाकी करून अर्धी केली की एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याला धरायला उरणारी कड मिळते. ती सुमारे ०.६ मि.मी. भरते. आकडा एका बाजूने तेवढीच कड पकडतो आणि त्या पकडीवर काडतूस चेंबरमधून, म्हणजे ते जिथे बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीतून, बाहेर ओढायचं असतं. मॉडेलमध्ये ही कड ३ मि.मी. दिसेल. पाचपट मोठं करण्याचं खरं कारण हेच. ०.६ मि.मी.च्या कडेवरची झीज भिंगाशिवाय कुणाला दाखवता येत नाही, ३ मि.मी.ची लांबूनही दिसते.

पुंगळीला किंचित निमुळतेपणा आहे. बुडाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५. मॉडेलमध्ये हा फरक १.४ मि.मी. होतो. तो खरादीवर नीट उतरायला हवा, कारण थोडं मागे सरकताच पुंगळी चेंबरच्या भिंतीपासून सुटते ती याच्यामुळे. .४५ एसीपी या दुसऱ्या पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी जवळजवळ सरळ नळकांडी असते. तिला ही सवलत फारशी मिळत नाही.

१६ नोव्हेंबर

काकांकडे गेले होते. कागदावर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा, काढून दाखवला, त्यांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे ब्लोबॅक आहे ना? मग पुंगळी बाहेर कोण काढतं?"

मी म्हटलं, एक्स्ट्रॅक्टर.

"बेटा, एक्स्ट्रॅक्टर काढून ठेव आणि गोळी झाड. बहुतेक वेळा पुंगळी तरीही बाहेर येईल."

ही गोष्ट मॉडेलच्या मुळाशी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बहुतेक लष्करी रायफलींत बोल्ट गोळी सुटताना कुलूपबंद असतो. दाब उतरल्यावर बोल्ट वळतो, कुलूप उघडतं आणि मग पुंगळी मागे ओढली जाते. ९ मि.मी.च्या बहुतेक कार्बाइनमध्ये असं कुलूपच नसतं. बोल्ट जड असतो आणि मागून स्प्रिंग त्याला पुढे दाबून धरते, एवढंच. हेच ब्लोबॅक. दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो तसाच पुंगळीच्या बुडालाही आतून मागे ढकलतो, आणि पुंगळीच बोल्टला मागे लोटते. दाब आहे तोवर आकड्यावर ओढण्याचा भार जवळजवळ पडतच नाही.

बेरेटाने १९५२ च्या सुमारास ९५० नावाचं खिशात मावणारं पिस्तूल काढलं, त्यात एक्स्ट्रॅक्टर मुळातच नाही. पुंगळी वायूच्या दाबानेच बाहेर येते. चेंबर रिकामा करायचा तर नळीचं मागचं टोक वर उचलून काडतूस हाताने काढायचं. आकड्याशिवाय हे चालतं याचा याहून सरळ पुरावा मला सापडला नाही.

१७ नोव्हेंबर

कालच्या बोलण्यावरून गणित करून पाहिलं. गोळी ८ ग्रॅम, बोल्ट समजा ६५० ग्रॅम. वायूचं वस्तुमान, घर्षण आणि स्प्रिंग सोडून दिलं तर दोघांची सरकण्याची अंतरं वजनांच्या उलट प्रमाणात राहतात. गोळी १० मि.मी. पुढे जाते तेव्हा बोल्ट सुमारे ०.१२ मि.मी. मागे आलेला असतो. दाब सर्वांत जास्त असण्याचा काळ साधारण याच टप्प्यातला, आणि तेव्हा पुंगळी जागची हललेलीही दिसणार नाही. गोळी १६ इंची नळीच्या तोंडाशी पोचते तेव्हा बोल्ट जेमतेम ५ मि.मी. मागे असतो. १९ मि.मी.च्या पुंगळीतले १४ मि.मी. अजून चेंबरमध्येच. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर आणि उरलेल्या दाबावर होतो.

बोल्टचा वेग? गोळीचा ३७० मीटर प्रति सेकंद धरला तर बोल्टला साडेचार मीटर प्रति सेकंदाच्या आसपास मिळतो. वायूचा हिशेब घेतला तर थोडा जास्तच.

या अंतरांची पट्टी मॉडेलच्या तळाशी लावणार आहे. बोल्ट हाताने सरकवताना विद्यार्थ्याला दिसेल की गोळी आता कुठे आहे.

२३ नोव्हेंबर

मग एक्स्ट्रॅक्टर हवा कशाला? काकांशी बोलून कामं नोंदवली.

दाब संपल्यावर पुंगळीचं बूड बोल्टच्या तोंडाला टेकवून ठेवणं हे एक. त्याशिवाय पुंगळी बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरला नेम राहत नाही. मागे येणारी पुंगळी डाव्या बाजूच्या स्थिर इजेक्टरवर आपटते तेव्हा उजवीकडचा आकडा हा तिचा फिरण्याचा आधार असतो. आधार असला की ती त्याच्याभोवती वळून खिडकीतून बाहेर फेकली जाते. आधार सैल झाला तर ती कुठेही जाते. कधी खिडकीत उभी अडकते, कधी आतच राहून पुढच्या काडतुसाच्या वाटेत येते.

आणि मग दाबच नसतानाची कामं. काडतूस फुसकं निघालं तर ते बाहेर काढणं. न झाडलेलं काडतूस चेंबरमधून काढून हत्यार रिकामं करणं. इथे ढकलायला वायू नाही, सगळा भार त्या ०.६ मि.मी.च्या कडेवर.

काका म्हणाले, "झिजलेला एक्स्ट्रॅक्टर रेंजवर हसत-खेळत चालतो. तो पकडला जातो 'खाली कर' म्हटल्यावर. मॅगझिन काढली, बोल्ट ओढला, काही बाहेर पडलं नाही, जवान समजतो चेंबर रिकामा. आणि काडतूस आत बसलेलं असतं."

मॉडेलला दोन चाली द्यायच्या हे इथेच ठरलं. पहिल्या चालीत नळीच्या बाजूने दांडी घालून पुंगळीच्या बुडाला आतून ढकलायचं, म्हणजे वायूचं काम हाताने. दुसऱ्या चालीत लाकडी गोळी बसवलेलं काडतूस चेंबरमध्ये ठेवून फक्त बोल्टची मूठ ओढायची. आकडा नवा असला तर दोन्ही जमतात. झिजलेला बसवला तर पहिली जमते आणि दुसऱ्या चालीत काडतूस मागे राहतं. बाकी सगळी रचना याच्या सोयीने करायची.

३० नोव्हेंबर

पोलोग्राउंडमधल्या खरादवाल्यांकडे पुंगळ्या आणि बोल्ट टाकले. पुंगळी नायलॉनची, बोल्ट सागाचा. पितळी नळी घ्यायचा विचार होता, पण वजन वाढलं असतं आणि वर्गात हातातून पडली की तोंडाला पोचा आला असता. खरादवाले भैया रेखाचित्र बघून म्हणाले, "इतना बड़ा कारतूस किस तोप का है, भिया?" त्यांना समजावून सांगितल्यावर निमुळतेपणा त्यांनी हौसेने, डायल लावून काढून दिला.

आकडे ६ मि.मी. पोलादी पत्र्यातून लेझरने कापायला सांवेर रोडवर दिले.

६ डिसेंबर

स्प्रिंगचा प्रश्न. खऱ्या स्प्रिंगची सगळी मापं पाचपट केली की तिचा ताठपणा पाचपट होतो. ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चढतो आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने उतरतो, म्हणून. ती दबणार मात्र पाचपट अंतर, तेव्हा जोर २५ पट. तसा आकडा रिमवर चढवायला वर्गातल्या माणसाला दोन्ही हातांनी झटावं लागेल, आणि नायलॉनची कड पहिल्याच दिवशी खरवडली जाईल.

म्हणून स्प्रिंग प्रमाणात न घेता हाताच्या जोराला जुळेल अशी घेतली. सियागंजमध्ये बारीक तारेच्या बऱ्याच स्प्रिंग्ज मिळाल्या. त्यांतली एक आकडा ठामपणे बंद ठेवते आणि बोल्ट एका हाताने पुढे ढकलल्यावर रिमवरून टक्‌ करून बसते. तो आवाज हवाच होता. मॉडेलशेजारी चिठ्ठी राहील : भूमिती प्रमाणात आहे, स्प्रिंगचा जोर प्रमाणात नाही.

१४ डिसेंबर

आकड्याच्या आकारावर दोन दिवस घालवले. फार मजा आली, कारण एवढ्याशा तुकड्यात किती विचार आहे हे कापल्याशिवाय कळत नाही.

पुढची बाजू तिरपी असते. बोल्ट पुढे येतो, रिम त्या उतारावर आदळते, आकडा बाहेर झुकतो आणि खाचेत उतरतो. काही रचनांत मॅगझिनमधून वर येणारं काडतूसच रिमसकट आकड्याखाली सरकतं, आकड्याला उडी मारावी लागत नाही. १९११ पिस्तूल हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याचा लांबट एक्स्ट्रॅक्टर स्वतःच स्प्रिंगही असतो. अशा हत्यारात चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून वरून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) सोडली की आकड्याला नको ती उडी मारावी लागते, आणि काही काळाने टोक तुटतं किंवा ताण उतरतो. उडी मारण्यासाठीच घडवलेल्या आकड्याला ती चालते, पण प्रत्येक वेळी स्प्रिंग आणि आकडा जिच्यावर फिरतो ती पिन थोडी थोडी झिजतेच.

मागची बाजू, म्हणजे धरणारी बाजू, चौकोनी हवी. खाचेकडचा कोपरा तीक्ष्ण असला की ओढ सरळ मागे जाते. तोच कोपरा झिजून ३० अंशांचा उतार झाला तर ओढीचा काही भाग आकड्याला बाहेर ढकलायला लागतो. घर्षण सोडलं तर तो भाग ओढीच्या अर्ध्याहून जास्त, ०.५८ पट. काडतूस जितकं घट्ट अडकलेलं, ओढ तितकी जास्त आणि आकडा तितका जास्त उघडणार. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो सुटतो.

पिनची जागाही बोलते. पिन आणि आकड्याची पकड एका सरळ रेषेत असली तर ओढीने आकडा ना उघडतो ना मिटतो. पिन बोल्टच्या मध्याकडे सरकवली तर ओढल्यावर आकडा आणखी आत दाबला जातो. ती बाहेरच्या अंगाला गेली तर ओढ त्याला उघडायला बघते आणि सगळी भिस्त स्प्रिंगवर येते. मॉडेलच्या बोल्टवर पिनसाठी तिन्ही भोकं पाडली आहेत. मूळ मागणीत हे नव्हतं, पण कुठल्याही पुस्तकी परिच्छेदापेक्षा पिन बदलून बोल्ट ओढल्यावर हे पटकन समजतं.

२१ डिसेंबर

आज झिजलेल्या आकड्यांचा संच घासून काढला. काकांनी त्यांच्या आठवणीतून एकेक प्रकार सांगितला, मी कानसने आकार दिला.

पहिला, धरणारा कोपरा गोल झालेला. सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा. दुसऱ्याचं टोक एका बाजूने तुटलेलं, कारण पोलाद हवं त्याहून कडक झालं की ते झिजण्याऐवजी तडकतं. मऊ राहिलं तर ठोके खाऊन पसरतं. म्हणून एक्स्ट्रॅक्टरला ४१४० किंवा ४३४० जातीचं मिश्र पोलाद, नाहीतर एस-७ सारखं धक्के सोसणारं टूल स्टील घेऊन मधलाच कडकपणा देतात. ४३४० ला आपल्या बाजारात ईएन-२४ म्हणून मागितलं जातं. तिसऱ्या प्रकारात आकडा अगदी नवा ठेवला आणि त्याच्या पाठीमागच्या घळीत मेणात लाकडाचा भुसा मळून भरला. पितळेचा कीस, काजळी आणि जुनं तेल तिथे असंच साचतं. आकडा मग पूर्ण आत येत नाही, अर्ध्या कडेवर टेकून राहतो. काकांच्या मते आकडा खराब म्हणून बदललेल्या निम्म्या हत्यारांत खरी गरज टोकदार लाकडी काडीची आणि चिंदीची होती.

चौथा तुकडा आकड्याचा नव्हेच, थकलेल्या स्प्रिंगचा आहे. तीच स्प्रिंग एक वेटोळं कापून. बघायला सगळं नवं आणि पकड ढिली.

२८ डिसेंबर

जोडणी झाली. चेंबर ॲक्रिलिकच्या दोन अर्ध्या नळकांड्यांचा, आतलं सगळं दिसतं. पण पुंगळी त्यात इतकी मोकळी सरकत होती की झिजलेला आकडाही काडतूस सहज काढायचा. खऱ्या हत्यारात भिंत पुंगळीला धरते. झाडल्यावर पितळ फुगून चेंबरला चिकटतं आणि दाब उतरताच थोडं आकुंचन पावतं. पोलादी पुंगळी पितळेइतकी आकसत नाही, म्हणून ती अधिक चिकटते. न झाडलेलं काडतूसही काजळीने किंवा गंजाने अडकतंच.

चेंबरच्या भिंतीत खाच पाडून रबरी ओ-रिंग बसवली. आता ओढ लागते. काढता येण्यासारखी ठेवली आहे, स्वच्छ चेंबर आणि मळका चेंबर असा फरक दाखवता येईल.

याच अडचणीवरचा एक सुंदर उपाय एमपी-५ या ९ मि.मी. सबमशीनगनमध्ये आहे. चेंबरच्या भिंतीत लांबीच्या दिशेने बारीक पन्हळी कोरलेल्या असतात. वायू त्यांतून पुंगळीच्या बाहेरच्या अंगालाही पोचतो, आतला-बाहेरचा दाब जुळतो आणि पुंगळी भिंतीला घट्ट चिकटत नाही. तिथे रोलरमुळे बोल्ट उशिरा उघडतो, पण उघडायला लागतो तेव्हा आत दाब असतोच, म्हणून ही व्यवस्था. झाडलेल्या पुंगळीवर काजळीच्या उभ्या रेघा दिसल्या की ती कुठून आली हे ओळखता येतं. एक पन्हळीदार चेंबर वेगळा करायचा मोह होतोय. आत्ता नको, मागणी साध्या ब्लोबॅकची आहे.

४ जानेवारी

काकांनी मॉडेल चालवून पाहिलं. नवा आकडा लावून दोन्ही चाली. मग गोल झालेला आकडा लावला आणि मला काही न सांगता दांडीने पुंगळी ढकलली. ती नीट मागे आली, इजेक्टरला लागून खिडकीतून बाहेर पडली. फिरकी थोडी कमी होती, बस. नंतर लाकडी गोळी बसवलेलं काडतूस आत ठेवून मूठ ओढली. आकडा कडेवरून घसरला, बोल्ट एकटाच मागे आला.

ते बराच वेळ त्या चेंबरकडे बघत होते. मग म्हणाले, "याला झाकण कर."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. पारदर्शक चेंबरमुळे काडतूस मागे राहिलेलं सगळ्यांना लगेच दिसतं, खऱ्या हत्यारात ते दिसत नाही. विद्यार्थ्याने आधी झाकलेल्या चेंबरवर मूठ ओढावी, स्वतःच्या तोंडाने "खाली" म्हणावं आणि मग झाकण उघडावं. 'जाँच शस्त्र' या हुकुमावर डोळ्यांनी आत बघायचं आणि अंधारात बोट घालून चाचपायचं का शिकवतात, ते त्याला हाताने कळेल.

९ जानेवारी

चेंबरवर पत्र्याचं बिजागरीचं झाकण बसवलं, आतून काळा रंग. खिडकी मात्र खऱ्यासारखीच उघडी ठेवली, म्हणजे ज्याला वाकून बघायचं सुचेल त्याला काडतुसाचं बूड दिसेल.

११ जानेवारी

तपासणीचा तक्ता मॉडेलसोबत द्यायचा आहे. काकांनी सांगितलेल्या क्रमानेच लिहिते आहे. सगळं आधी रिकामं करून, आत डोळ्यांनी पाहून.

बोल्ट बाहेर काढून आकड्याखाली डमी (बिनदारूचं) काडतूस सरकवावं आणि बोल्ट हलकेच हलवावा. काडतूस जागेवर राहिलं पाहिजे. पडलं तर आधी आकड्यामागची घळ साफ करून पुन्हा बघावं, तरीही पडलं तर स्प्रिंग, आणि तिच्यानंतर आकडा. हा क्रम उलटा केला की चांगला आकडा फेकला जातो आणि दोष तसाच राहतो. आकड्याचा कोपरा भिंगाखाली बघावा, उजेड एका बाजूने पाडून, म्हणजे गोलाई चमकते. पिन काढून ती एका बाजूला चपटी झाली आहे का ते बोटाने फिरवून कळतं.

रेंजवर पडलेल्या पुंगळ्या गोळा करून रिम बघाव्यात. एकाच जागी ओरखडा किंवा वाकलेली कड असेल तर आकडा घसरतोय. पुंगळ्या आधी एका ठिकाणी पडत होत्या आणि आता पसरायला लागल्या तर तेही लिहून ठेवावं.

आणि महत्त्वाचं, म्हणून तक्त्यात हे ठळक अक्षरात : रेंजवर शंभर गोळ्या बिनचूक चालल्या म्हणून एक्स्ट्रॅक्टर पास धरायचा नाही. डमी काडतूस चेंबरमध्ये घालून हाताने मूठ ओढायची, हळू ओढून आणि झटक्याने ओढून, दोन्ही प्रकारे. वायूची मदत नसताना तो काढतो का, एवढंच बघायचं.

१८ जानेवारी

मॉडेल पोचवलं. तिथल्या प्रशिक्षकांनी दोन बदल मागितले. डावखुऱ्या माणसासाठी मूठ दुसऱ्या बाजूलाही लागावी, ते सोपं आहे. दुसरं, .२२ रिमफायरचं काडतूस त्याच बोल्टवर दाखवता येईल का. तिथे रिम बाहेर आलेली असते, खाच नसते आणि पितळ पातळ. आकडा टोकदार लागतो आणि मेण-शिशाचा मळ फार लवकर साचतो. त्याच बोल्टवर ते बसणार नाही, तोंड वेगळं लागेल.

आकड्यांचे आणि स्प्रिंगचे सुटे संच लाकडी पेटीत खण करून दिले आहेत. गोल झालेल्या आकड्यावर रंगाची खूण मुद्दाम केली नाही. तो नव्यासारखाच दिसतो, बघणाऱ्याने भिंग लावून ओळखायचा आहे. .२२ च्या बोल्टचं रेखाचित्र पुढच्या आठवड्यात काकांना दाखवेन.